लॉन काढून देशी झाडं का लावायची? आधी हा पाण्याचा हिशोब बघा!

सोसायटीच्या दारात हिरवंगार लॉन दिसलं की फ्लॅट बघायला आलेला माणूस खूश होतो. पण उन्हाळ्यात टँकर सुरू झाले, तरी या लॉनला पाणी द्यावंच लागतं. हे पाणी किती आणि त्याऐवजी काय लावता येईल, ते पाहूया.

लॉन आलं कुठून?

कातरलेल्या हिरवळीची हौस मुळात युरोपातल्या श्रीमंत जमीनदारांची. इंग्लंडमध्ये वर्षभर थोडाथोडा पाऊस पडतो, त्यामुळे तिथे गवत सहज हिरवं राहतं. 1830 मध्ये एडविन बडिंग यांनी गवत कापण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढे लॉन साध्या घरांपर्यंत पोहोचलं. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने लॉन पाइपच्या पाण्यावर जगतं.

पाणी किती लागतं?

एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर. उन्हाळ्यात लॉनला रोज 5 मिलिमीटर पाणी धरलं, तर 1000 चौरस फुटांचं (93 चौरस मीटर) लॉन दिवसाला 465 लिटर पिणार. म्हणजे 10 हजार लिटरचा टँकर तीन आठवड्यांत संपला!

पाणीटंचाईमुळे अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने 2021 मध्ये यावर कायदाच केला. लास वेगास परिसरातल्या ऑफिसांसमोरच्या आणि रस्त्याकडेच्या निव्वळ शोभेच्या लॉनला 2027 पासून कोलोराडो नदीचं पाणी देता येणार नाही. स्वतंत्र घरांची लॉन त्यातून वगळली आहेत.

मग लावायचं काय?

- अडुळसा, निर्गुडी : एकदा मूळ धरलं की कमी पाण्यात तगतात. शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत.
- लिंबू : महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं.
- रुई : प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्यांचं खाद्य. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.
- तेरडा : पावसाळ्यात फुलतो आणि बी पडून पुढच्या वर्षी पुन्हा उगवतो.

सुरुवात कशी करायची?

मे महिन्यात लॉनचं पाणी बंद करा. त्यावर जुने पुठ्ठे आणि पालापाचोळा अंथरा. पाऊस नीट सुरू झाला की रोपं लावा. पहिल्या उन्हाळ्यात मात्र त्यांना अधूनमधून पाणी द्यावं लागेल.

नुसतं रान वाढू द्यायचं का?

नाही. गाजरगवत फुलायच्या आत हातमोजे घालून उपटा. घाणेरीही काढा, ती इतर झाडांना वाढू देत नाही. सापांची भीती वाटत असेल तर पायवाटेकडेचं गवत आखूड ठेवा आणि उंदरांना आसरा देणारे विटांचे, कचऱ्याचे ढीग हटवा. मुलं खेळतात तेवढं लॉन खुशाल राहू द्या.

एप्रिल-मेमध्ये ही बाग थोडी पिवळी दिसेल. घाबरू नका, सह्याद्रीतली कुरणंही तेव्हा तशीच असतात आणि पाऊस पडला की पुन्हा हिरवी होतात.

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये टँकरचा विषय निघाला की हा हिशोब नक्की मांडा!