जीर्णोद्धार झालेली मोटारसायकल : एक ऐतिहासिक साधन

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत इंग्लंडमध्ये तयार झालेली एखादी मोटारसायकल दुरुस्ती व रंगरोगन होऊन विक्रीस निघाली, की तिच्याकडे हौशी संग्राहकांचे लक्ष जाते. इतिहासाच्या अभ्यासकांचे सहसा जात नाही. वास्तविक, जुना कागद हाती आल्यावर जो प्रश्न उद्भवतो तोच येथेही उद्भवतो : वस्तू अस्सल आहे, नक्कल आहे, की बनावट? वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केल्यानंतर महाराष्ट्रातील संशोधनास अस्सल कागदाची जी शिस्त लागली, ती लोखंडी यंत्रासही लावता येईल काय, आणि अंबडसारख्या गावाच्या इतिहासास तिचा उपयोग कोणता, याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

उदाहरणादाखल कॉव्हेंट्री येथील ट्रायम्फ कारखान्याची ‘मॉडेल एच’ ही गाडी घेता येईल. न्यूरेंबर्ग येथे जन्मलेल्या सिगफ्रीड बेटमान याने सायकलींच्या व्यापारातून हा कारखाना उभारला व १९०२ मध्ये बेल्जियन मिनर्व्हा इंजिन बसवून पहिली मोटारसायकल काढली. १९१५ मध्ये ‘मॉडेल एच’ आली. सुमारे ५५० घनसेंटिमीटरचा एकच सिलिंडर, स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा गिअरबॉक्स आणि मागील चाक फिरविणारा पट्टा ही तिची लक्षणे होत. पहिल्या महायुद्धात अशा सुमारे ३०,००० गाड्या सैन्यास पुरविण्यात आल्या. युद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या दुरुस्त होऊन नागरिकांस विकल्या गेल्या. तेव्हा जीर्णोद्धार ही केवळ अलीकडची हौस नव्हे. १९२० च्या ‘मॉडेल एसडी’मध्ये पट्ट्याची जागा साखळीने घेतली, म्हणजे पट्टा की साखळी, एवढ्या एका खुणेवरूनही कालनिर्णयास आधार मिळतो.

परंतु जीर्णोद्धारात नेमक्या अशाच खुणा नाहीशा होतात. गावच्या लोहाराने दिलेला जोड, दुसऱ्याच गाडीचा बसविलेला भाग, टाकीवरील रंगाचे थर, या गोष्टी खरेदीदाराच्या दृष्टीने दोष असतील. इतिहासाच्या दृष्टीने त्या कागदाच्या समासातील नोंदीच होत. बाजारासही हे हळूहळू उमगू लागले आहे. २०१६ मध्ये इंग्लंडमधील स्टॅफर्ड येथील लिलावात १९३८ ची एक ब्रफ सुपीरियर, जीर्णोद्धार न झालेल्या मोडक्या स्थितीतच, ३,३१,९०० पौंडांस विकली गेली.

आता अंबडकडे वळल्यास या प्रश्नास निराळेच महत्त्व प्राप्त होते. अंबड रेल्वेमार्गावर नाही. जवळचे स्टेशन जालना. निजाम राज्याच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी मोटारसेवा सुरू केली. तत्पूर्वी अशा तालुक्याच्या गावी कोणाच्या दारी ‘फटफटी’ होती, आणि ती सावकाराची, वकिलाची की अंमलदाराची, हे समजल्यास तेथील समाजरचनेवर प्रकाश पडेल. हे सांगण्याचे सामर्थ्य यंत्रात नाही. ते त्याच्या कागदांत आहे.

हे कागद वाचणे मात्र सोपे नाही. १९४८ पर्यंत अंबड निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. १९८१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यातून निघून नव्या जालना जिल्ह्यात गेले. गाव जागच्या जागीच राहिले, दफ्तरे मात्र बदलत गेली. निजामी अमदानीतील दफ्तर उर्दूत व कालगणना फसली असे. हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई. म्हणून १३३० फसली म्हणजे १९२० चा ऑक्टोबर ते १९२१ चा ऑक्टोबर. सनात ५९० मिळवावयाचे की ५९१, हे महिन्यावरून ठरते. एवढीशी चूक झाली तरी गाडीचे वय वर्षाने चुकते.

या वयास २०२१ पासून कायद्याचेही महत्त्व आले आहे. त्या वर्षीच्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या वाहनाची ‘विंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. सांगाडा व इंजिन यांत फेरफार झालेला नसावा, अशीही अट आहे. सारांश, पहिली नोंदणी आणि मूळ स्वरूप या दोन गोष्टींवर कायद्याचा भर आहे. पैकी दुसरीची परीक्षा यंत्रावर होऊ शकेल. पहिलीचा पुरावा, गाडी निजामी अमदानीत नोंदली गेली असल्यास, आज अस्तित्वात नसलेल्या राज्याच्या एका उर्दू कागदावर अवलंबून राहील.

विक्रीच्या वेळी गाडी शहरात जाते आणि वाचता न आलेला कागद निरुपयोगी म्हणून मागे राहतो. झिजलेला पट्टा पुन्हा करवून घेता येतो. हरवलेला दाखला करवून घेतला तर तो बनावटच ठरेल. म्हणून रंग देण्यापूर्वी यंत्राच्या खुणांची नोंद घेणे आणि विक्रीपूर्वी कागदाचे वाचन करून त्याची नक्कल राखणे, ही दोन्ही कामे इतिहासाच्या विद्यार्थ्याचीच मानली पाहिजेत. ती न झाल्यास गाडी चालू स्थितीत राहील. अंबडशी असलेला तिचा संबंध मात्र कायमचा तुटेल.