पावती, माणकं आणि एक सायकलची फ्रेम

मंडळी, मूल्य आणि किंमत या दोन शब्दांबद्दल आज बोलायचं आहे, पण ग्रंथ जरा बाजूला ठेवू. गेल्या आठवड्यात शेजारचा एक मुलगा आमच्या ओटीवर बीएमएक्स सायकलची नुसती फ्रेम घेऊन आला. चाकं, हँडल आधीच विकून झालेली. पुण्याला शिकायला जायचंय, खोलीची अनामत भरायची आहे. म्हणाला, "सर, ही नवी घेतल्याची पावती आहे. निम्मे तरी येतील ना?"

आम्ही म्हटलं, पावती खिशात ठेव. तू काय दिलंस एवढंच ती सांगते.

रत्नागिरीला हा धडा जुना आहे. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली इथे आणला गेला. आज आपण ज्याला थिबा पॅलेस म्हणतो तो बांधून झाला १९१० च्या सुमारास, आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. सरकारी तनखा पुरेना, तेव्हा त्याने सोबत आणलेली माणकं आणि दागिने विकायला काढले. आता विचार करा, मंडालेच्या दरबारात ज्या माणकाला मान होता, त्याला या बंदराच्या गावात गिऱ्हाईक किती? मोजकेच. आणि विकणारा नडलेला आहे हे प्रत्येकाला ठाऊक. माणिक तेच होतं हो, भोवतालची माणसं बदलली होती.

सायकलीकडे येऊ. आमच्या पिढीची सायकल म्हणजे काळी, दांडीची, अठ्ठावीस इंची. मद्रासला टीआय सायकल्स १९४९ मध्ये निघाली, लुधियानाची हीरो १९५६ मध्ये. त्या घडणीच्या सायकलींचे बरेचसे सुटे भाग कुठल्याही मिस्त्रीकडे मिळत आणि थोडं ठोकून-घासून एकमेकींना बसत. भाड्याने ताशी सायकल देणारी दुकानंही होतीच. त्यामुळे उघड्या फ्रेमलासुद्धा मागणी असे. फ्रेम विकत घेणारा खरं म्हणजे गावातली सगळी दुकानं तिच्याबरोबर विकत घ्यायचा!

बीएमएक्सचं कूळ वेगळं. १९७० च्या आसपास कॅलिफोर्नियातली पोरं मोटोक्रॉसच्या मोटारसायकलींची नक्कल म्हणून वीस इंची चाकांच्या सायकली मातीत उडवू लागली, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शर्यती आल्या. आपल्याकडे मात्र जाड टायरच्या कुठल्याही बुटक्या सायकलीला बीएमएक्स म्हणतात. तसली साध्या पोलादाची फ्रेम असेल तर भंगारवाला वजनावर घेईल, विषय संपला. क्रोमोली पोलादाची असेल तर ती उडी मारणाऱ्यासाठी केलेली वस्तू आहे, आणि उड्या मारणारे रत्नागिरीच्या घाटीवर कितीसे? ते मुंबई-पुण्यात. म्हणजे आपलं गिऱ्हाईक फोनवर बोलणारं, फ्रेम हातात न घेता ठरवणारं. अशा माणसाला आपलं कौतुक नको असतं, माप हवं असतं.

मग आम्ही दोघांनी ती तपासायला घेतली. हँडलच्या नळीजवळचे सांधे पुसून पाहिले, कारण उड्यांच्या फ्रेमला तडा जायचा तो बहुधा तिथे. तडा असता तर विकूच नको म्हणालो असतो. दुसऱ्याच्या पोराचे दात आहेत ते. फ्रेम उलटी करून हलवली तर सीटच्या नळीतून तांबूस भुकटी पडली. खारा वारा, दुसरं काय! मुलगा म्हणाला, "हे सांगायलाच हवं का?" आम्ही म्हटलं, फोटोच काढ त्याचा. न बघता घेणारा माणूस न सांगितलेल्या गोष्टीची भीती किमतीतून आधीच वजा करून बसलेला असतो.

आणखी एक. लोक जाहिरातीत जे आकडे मागतात ते धरू नकोस, सौदे कितीला तुटले ते विचार. महिनोन्‌महिने तीच जाहिरात दिसत असेल तर तो आकडा म्हणजे मालकाची आशा.

परवा पुण्याहून एकाचा फोन आला. रंग, कंपनी, पावती, काही विचारलं नाही त्याने. पायडलचा आस बसतो त्या नळकांड्याचा आतला व्यास किती, एवढंच. त्याच्याकडे पडून असलेले भाग बसतात की नाही, त्यावर त्याचा आकडा. मुलाला माहीत नव्हतं. आमच्या घरात व्हर्नियर कसला असणार. समोरच्या लेथवाल्याकडून आणला. ४१.२ मिलिमीटर भरला. फोन परत लावला तेव्हा मुलाने निम्म्याची गोष्ट काढली नाही. समोरच्याने आकडा सांगितला, तो निम्म्याहून बराच कमी होता. मुलगा आमच्याकडे बघत राहिला. "अनामतीला किती कमी पडतायत?" आम्ही विचारलं. त्याने बोटांवर हिशेब केला आणि फोनवर म्हणाला, "पाठवण्याचा खर्च तुम्ही दिलात तर चालेल."