विषयनियामक समिति व सुरतेची उपसूचना

सभेपुढें कोणता ठराव यावा हें ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं निम्मा निकाल असतो. सुरतेच्या राष्ट्रसभेविषयीं लिहितांना जोडाफेकीचें वर्णन सविस्तर येतें. हा मूळ प्रश्न मात्र बाजूस राहतो. त्याचाच येथें विचार कर्तव्य आहे.

राष्ट्रसभेच्या आरंभीं ठरावांचे मसुदे मोजकी पुढारी मंडळी करीत. १८८७ सालीं मद्रासेस प्रतिनिधींनीं यास हरकत घेतली व विषयनियामक समिति अस्तित्वांत आली. पुढील वर्षीं अलाहाबादेस असा निर्बंध झाला कीं, हिंदु अथवा मुसलमान प्रतिनिधि एकमतानें किंवा जवळजवळ एकमतानें ज्या विषयास विरोध करितील, तो समितीनें घेऊं नये व अध्यक्षांनींहि चर्चेस येऊं देऊं नये. सभेनें पूर्वींच निश्चित मत दिलेल्या विषयांस तो लागू नव्हता. छाननीनें अल्पसंख्यांचें रक्षण होतें तें असें. परंतु तीच एका पक्षाच्या हातीं गेल्यास दुसऱ्याचें तोंड बंद होतें.

कलकत्त्यास १९०६ सालीं स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांचे ठराव झाले होते. सुरतेस ते सौम्य होणार, हा टिळकपक्षाचा संशय. मसुदे वेळेवर हातीं न पडल्यानें तो बळावला. २७ डिसेंबर १९०७ रोजीं टिळकांनीं स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांस चिठी पाठविली कीं, अध्यक्षांच्या निवडीच्या सूचनेस अनुमोदन मिळाल्यावर आपणांस तहकुबीची सूचना मांडावयाची आहे. उत्तर आलें नाहीं. डॉ. रासबिहारी घोष निवडले गेल्याचें जाहीर झालें. टिळक व्यासपीठावर येतांच त्यांस बोलण्याची मनाई झाली. त्यांनीं प्रतिनिधींकडे दाद मागण्याचा आग्रह धरिला आणि सभा उधळली.

मागाहून दोन्ही पक्षांनीं निवेदनें काढलीं. नेमस्तांच्या मतें तहकुबीची सूचना नियमबाह्य होती. टिळकपक्षाच्या मतें, सभेपुढें मांडलेल्या सूचनेवर उपसूचना आणणें हा प्रतिनिधीचा हक्कच होता. १८९९ सालीं लखनौस कांहीं नियम झाले होते खरे, पण काम मुख्यतः वहिवाटीनें चाले. त्यामुळें दोघांसहि आपला अर्थ लावणें शक्य झालें.

१९०८ सालीं अलाहाबादेस घटना लिहिली गेली; तींत प्रतिनिधींनीं सभेचें ध्येय लेखी मान्य करण्याची अट होती. म्हणजे ठरावांच्या छाननीपूर्वीं आतां प्रतिनिधींचीच छाननी होऊं लागली. १९१५ सालीं मुंबईस नियम सैल झाले, तेव्हां १९१६ सालीं लखनौस टिळकपक्ष परत येऊं शकला.

यावरून संग्राहकांस एक विनंति. मंजूर ठरावांच्या छापील पुस्तिका पुष्कळ ठिकाणीं सांपडतात. परंतु सभेंत कोणाचा आवाज कोठें अडला, हें कच्चे मसुदे, अडविलेल्या उपसूचना आणि पेन्सिलीनें लिहिलेल्या चिठ्या यांवरूनच कळतें. असे कागद रद्दींत जाऊं देऊं नयेत.