मर्यादवेल कुणी लिहून ठेवली?

आज आम्ही मर्यादवेलीबद्दल बोलणार आहोत. किनाऱ्यावरच्या बायकांना ती वेगळी सांगायला नको. घाटावरच्या मैत्रिणींसाठी एवढंच, की ही रानवेल आपल्या रताळ्याची चुलत बहीण. भरतीची रेघ जिथं संपते, तिथून वर कोरड्या वाळूत ती पसरते. पान जाड, आपट्याच्या पानासारखं दुभंगलेलं. तोडलं की पांढरा चीक येतो. फूल कर्ण्यासारखं, गुलाबी-जांभळं, घशाशी गडद. सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. बोंडात चार बिया, मखमलीसारखी लव असलेल्या. त्या समुद्रात तरंगत जातात आणि दूर कुठंतरी रुजतात. म्हणून आफ्रिकेपासून ब्राझीलपर्यंत गरम मुलखाच्या किनाऱ्यांवर ही वेल आहे.

आता तिच्या लिखित इतिहासाकडे येऊ. कोचीचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हेड यानं मलबारच्या झाडापेडांचा मोठा ग्रंथ करवून घेतला, ‘हॉर्टस मलबारिकस’. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड ॲमस्टरडॅमला छापले गेले. माहिती देणारे इथलेच होते. इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तिघे कोकणी ब्राह्मण. या तिघांची साक्ष पहिल्या खंडात कोकणीत, नागरी लिपीत छापलेली आहे. आपली अक्षरं जवळजवळ साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडात छापली गेली, ती झाडपाल्याच्या निमित्तानं!

मर्यादवेल आली अकराव्या खंडात, १६९२ साली, ‘शोवन्न अडंबू’ या मल्याळी नावानं. ऱ्हेडला तो खंड बघायला मिळाला नाही. १६९१ च्या डिसेंबरात सुरतेला जाताना मुंबईजवळ जहाजावरच तो वारला.

पुढं १७५३ साली स्वीडनच्या लिनियसनं तिला लॅटिन नाव दिलं, त्याचा अर्थ शेळीचं पाऊल. १८१८ साली रॉबर्ट ब्राउननं, आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या सफरीतून आलेल्या झाडांवर लिहिताना, तिला ‘आयपोमिया’ या रताळ्याच्याच गणात बसवलं. आजही तिचं नाव ‘आयपोमिया पेस-काप्री’.

लिनियसनं पान पाहिलं आणि नाव ठेवलं. आपल्या लोकांनी तिचं काम पाहिलं. पेरापेराला मुळं धरून ती वाळू बांधते. वाऱ्यानं उडालेली वाळू तिच्यात अडकते, ढीग वाढतो, त्याची टेकडी होते आणि वादळाची लाट आधी त्या टेकडीवर आदळते. समुद्राची मर्यादा सांगणारी ती मर्यादवेल. आम्हाला विचाराल तर हे नाव जास्त शहाणं आहे. पण ते पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आलं, ते कुठंच लिहिलेलं नाही. ‘हॉर्टस’मध्ये ज्यांच्या साक्षी छापल्या, ते सगळे पुरुष. पाला ओळखणाऱ्या, खुडणाऱ्या, वाटणाऱ्या बायका तेव्हाही असणारच की!

आज किनारा ‘साफ’ करायचा म्हणून हीच वेल उपटली जाते. ती गेली की वाळू मोकळी होते. केंद्र सरकारच्या किनारा नियमांत, २०११ च्या आणि २०१९ च्याही, वाळूच्या टेकड्या सगळ्यात जास्त जपायच्या जागांमध्ये धरल्या आहेत. गटाच्या बैठकीत हे वाचून दाखवा.

आणखी एक. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते. लोकांना विचारून गावच्या झाडापेडांची नोंदवही करायची, हे तिचं काम. २००४ च्या नियमांत या समितीवर निदान एक तृतीयांश बायका सांगितल्या होत्या. ती वही ग्रामसभेत मागून घ्या. मर्यादवेल त्यात आहे का बघा, आणि माहिती देणाऱ्यांच्या यादीत बायकांची नावं किती आहेत, तेही मोजा.