दांडेकर, वि. म.

दांडेकर, वि. म. (६ जुलै १९२०–३० जुलै १९९५). कृषी व विकास अर्थशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. दारिद्र्यरेषा, प्रादेशिक अनुशेष आणि पीक विमा या तीन विषयांवर त्यांनी केलेले काम आजही शासकीय व्यवहारात वावरते. नांदेड वा लातूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला त्यांचे नाव ठाऊक असेलच असे नाही. परंतु ‘आपले मंडळ विम्यात बसले का’ आणि ‘मराठवाड्याचा अनुशेष किती उरला’ हे तिकडे नित्य कानी पडणारे दोन्ही प्रश्न ज्या चौकटीत विचारले जातात, ती चौकट बऱ्याच अंशी दांडेकरांनी घडवलेली आहे.

दांडेकर मूळचे संख्याशास्त्रज्ञ. लहान नमुन्यांवरील काय-वर्ग कसोटीत करावयाची एक दुरुस्ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. १९४५ मध्ये ते गोखले संस्थेत आले. संस्थापक-संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी तेथे गावोगाव जाऊन पाहणी करण्याची शिस्त रुजवली होती आणि दांडेकरांनी तिला नमुना-निवडीच्या शास्त्राची जोड दिली. पत्नी व लोकसंख्याशास्त्रज्ञ कुमुदिनी दांडेकर यांच्यासह त्यांनी पुणे जिल्ह्यातील जनन व मृत्यूची पाहणी केली. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळकायद्याची अंमलबजावणी त्यांनी खुदनपूर यांच्यासह तपासली, तेव्हा कायदा असूनही कुळांच्या जमिनी ‘स्वेच्छेने सोडल्या’च्या नोंदींखाली मालकांकडे परतत असल्याचे कागदोपत्री दिसले. गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाल्यावर, १९६६ मध्ये, संचालकपद दांडेकरांकडे आले आणि ते त्यांनी १९८० पर्यंत सांभाळले.

नीलकंठ रथ यांच्यासह त्यांनी केलेला भारतातील दारिद्र्याचा अभ्यास १९७१ च्या जानेवारीत ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. दरडोई दररोज २२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न ज्या खर्चपातळीवरील कुटुंबांना लाभते, ती पातळी किमान मानावी आणि तिच्याखालील लोक दरिद्री समजावेत, ही त्यातील मांडणी होती. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली येत होते. उपाय म्हणून लेखकांनी ग्रामीण सार्वजनिक कामांचा मोठा कार्यक्रम सुचवला. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी या मोजणीला हरकत घेतली: एकाच माणसाची ऊर्जेची गरज दिवसागणिक बदलते, त्यामुळे सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण उपाशीच असतो असे नाही. हा वाद १९८० च्या दशकापर्यंत चालला. दांडेकरांच्या पुढील कामांवरील आक्षेपही असेच होते, म्हणजे सरासरी एकाची आणि निवाडा दुसऱ्याचा.

मराठवाड्याशी त्यांचा थेट संबंध आला तो १९८३ मध्ये राज्य शासनाने त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या प्रादेशिक असमतोलविषयक सत्यशोधन समितीमुळे. १९५३ च्या नागपूर कराराने समतोल विकासाचे आश्वासन दिले होते आणि १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातून आलेल्या मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांत नांदेड होते; लातूर जिल्हा मात्र उस्मानाबादमधून वेगळा होऊन, समिती नेमली गेली तेव्हा, जेमतेम वर्ष झाले होते. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा इत्यादी क्षेत्रांत जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा जितका मागे असेल, ती तूट भरून काढण्याचा खर्च म्हणजे त्याचा ‘अनुशेष’, अशी समितीने व्याख्या केली. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष सुमारे ३१८६ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचे सुमारे १२४६ आणि मराठवाड्याचे सुमारे ७५१ कोटी होते. मापाचे एकक जिल्हा असल्याने उर्वरित महाराष्ट्रातील मागास जिल्ह्यांनाही वाटा मिळाला आणि तो मराठवाड्याहून मोठा ठरला, हे मराठवाड्यातील कार्यकर्त्यांना रुचले नाही. निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीची स्थिती मोजली तेव्हा मराठवाड्याचा अनुशेष ४००४ कोटींवर गेलेला होता. दरम्यान किमती वाढल्या आणि राज्याची सरासरीही वर सरकली. पाठलाग करणाऱ्याच्या पुढे रेषाच धावत राहावी, तसा हा हिशेब होता. पुढे विजय केळकर समितीने जिल्ह्याऐवजी तालुका हे एकक घेतले.

एककाचा हाच प्रश्न पीक विम्यात अधिक तीव्र होतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी गुजरातेत कापसावर शेतकरीनिहाय विम्याचे प्रयोग झाले, पण प्रत्येक शेताची पाहणी करणे खर्चाचे होते आणि विमा आहे म्हणून मशागतीत हयगय होण्याचा धोका, ज्याला अर्थशास्त्रात ‘नैतिक धोका’ म्हणतात, टाळता येत नव्हता. १९७६ मध्ये दांडेकरांनी पर्याय मांडला: एकसारख्या हवामानाचा प्रदेश हेच विम्याचे एकक धरावे, प्रदेशाचे सरासरी उत्पादन ठराविक पातळीखाली गेले, तर तेथील सर्व विमाधारकांना एकाच प्रमाणात भरपाई द्यावी, आणि विमा पीककर्जाशी जोडावा. एकट्या शेतकऱ्याच्या हयगयीने प्रदेशाची सरासरी हलत नाही, हे या युक्तिवादाचे मर्म आहे. १९७९ ची पथदर्शी योजना, १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना, १९९९ ची राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना या सर्व त्याच पायावर उभ्या आहेत.

महाराष्ट्रात प्रमुख पिकांसाठी हे एकक सामान्यतः महसूल मंडळ असते. लातूर-नांदेडच्या सोयाबीनपट्ट्यात मंडळामागे किमान १० पीक कापणी प्रयोग होतात. यदृच्छेने निवडलेल्या शेतात साधारणपणे १० मीटर लांब व ५ मीटर रुंद चौकोन खुंट्या ठोकून, दोरी ताणून आखला जातो; आतले पीक कापून, मळून, उफणून दाणे तराजूवर चढतात. हा चौकोन हेक्टरचा २०० वा भाग असल्याने वजनातील एका किलोचा फरक हेक्टरी दोन क्विंटलांचा होतो. आलेले उत्पादन ‘उंबरठा उत्पादना’शी, म्हणजे मागील सातपैकी उत्तम पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराच्या ठरलेल्या टक्केवारीने गुणून येणाऱ्या आकड्याशी, ताडून पाहतात. उंबरठा १२ क्विंटल आणि मंडळाची सरासरी ९ असेल, तर विमा संरक्षित रकमेच्या २५ टक्के भरपाई मिळते. ज्याला चार क्विंटल झाले त्यालाही तेवढीच आणि ज्याला चौदा झाले त्यालाही तेवढीच.

व्यक्ती व प्रदेश यांतील ही दरी बुजवण्यासाठी पुढे गारपीट किंवा शेतात पाणी साचणे यांसारख्या स्थानिक आपत्तींत ७२ तासांत सूचना दिल्यास वैयक्तिक पंचनाम्याची सोय आली. दांडेकरांच्या मूळ आराखड्याला लागलेले हे ठिगळ, पण गरजेचे. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा देण्यात आला. २०२५ मध्ये ती सवलत थांबली, शेतकऱ्याचा खरीप हप्ता पुन्हा दोन टक्क्यांवर (नगदी पिकांसाठी पाच टक्क्यांवर) आला आणि स्थानिक आपत्तीसारखे जादा निकष वगळून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांवर ठेवली गेली. त्याच खरिपात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि ओढ्याकाठच्या पाण्याखालील सोयाबीनचा विमाही मंडळाच्या सरासरीवरच सोपवला गेला.