बागोरच्या हाडांवरील चरे

राजस्थानात जयपूरच्या नैर्ऋत्येस, भिलवाडा जिल्ह्यातील कोठारी नदीच्या काठी बागोर हे गाव आहे. तेथील ‘महासती’ नावाच्या वाळूच्या टेकाडावर १९६७ ते १९७० या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनी उत्खनन केले. राजस्थानचा पुरातत्त्व विभाग आणि जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठ यांचा त्यात सहभाग होता. इ.स.पू. सुमारे ५००० पासूनच्या या वस्तीत गारगोटी व चर्टची सूक्ष्मास्त्रे मिळाली आणि त्यांच्यासोबत प्राण्यांची विपुल हाडेही. त्यांपैकी अनेक हाडे फोडलेली, भाजलेली होती. काहींवर कापल्याचे चरे होते.

हाडावरचा प्रत्येक चरा माणसाने केलेला नसतो. मांसभक्षक प्राण्याच्या दाताने पडलेली खाच तळाशी गोलसर असते. मुळांच्या खुणा नागमोडी असतात. जनावरांच्या खुरांखाली वाळूत घासलेल्या हाडावर उथळ, वाटेल त्या दिशेचे ओरखडे उमटतात. हत्याराचा चरा मात्र तळाशी निमुळता असतो. दगडी पात्याची धार खडबडीत असल्याने त्याच्या आत बारीक समांतर रेषा उमटतात. धातूच्या पात्याचा चरा तुलनेने स्वच्छ असतो. खुणेची जागाही बोलकी असते. सांध्याजवळचे चरे अवयव सुटे केल्याचे सुचवतात, तर लांब हाडाच्या मध्यावरचे चरे मांस सोलून काढल्याचे.

परंतु चरा फक्त कापणाऱ्याविषयी सांगतो. कापले गेलेले जनावर शिकारीचे होते की पाळलेले, हे हाडाची ओळख पटल्यावरच कळते, आणि बागोरचे महत्त्व नेमके त्यावरच अवलंबून आहे. तेथे काळवीट, चिंकारा, चितळ यांच्याबरोबर शेळी-मेंढीची हाडे असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले. या दोन्ही प्राण्यांचे रानटी पूर्वज या प्रदेशातले नव्हेत. म्हणजे ती हाडे खरोखर शेळी-मेंढीची असतील, तर दगडी पाती वापरणारे हे शिकारी पशुपालनही करीत होते, असा निष्कर्ष निघतो.

अडचण अशी, की काळवीट व चिंकारा यांची हाडे आकाराने शेळी-मेंढीच्या हाडांशी मिळतीजुळती असतात. मज्जेसाठी फोडलेल्या बोटभर तुकड्यात हा भेद हातातून निसटतो. त्यामुळे पशुपालनाच्या आरंभाच्या चर्चेत बागोरच्या पुराव्याची पुन्हा पुन्हा फेरतपासणी होत आली आहे.

आता हाडातील कोलॅजेन या प्रथिनावरूनही प्राण्याची ओळख पटवता येते. मात्र उष्ण प्रदेशात हे प्रथिन लवकर नष्ट होते. म्हणून ज्ञात प्राण्यांचे सांगाडे जपून ठेवणे आणि त्यांच्याशी सांध्यासांध्याची तुलना करणे, हे जुने, संथ काम आजही टाळता येत नाही. उत्खननात निघालेला हाडाचा लहानसा तुकडाही टाकून द्यायचा नसतो, तो याचसाठी.