कुडाळीची मालवणी

सिंधुदुर्ग जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या बोलीला आज सरसकट ‘मालवणी’ म्हटले जात असले, तरी अभ्यासकांच्या ग्रंथांत ती दीर्घकाळ ‘कुडाळी’ म्हणून वावरत आली. एका नावामागे कुडाळदेश हा जुना प्रांत आहे, तर दुसऱ्यामागे मालवणचे बंदर. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोकणीला मराठीची बोली आणि कुडाळीला त्या कोकणीचे एक रूप मानले गेले. पुढे अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत या बोलीवर स्वतंत्र पुस्तक काढले, तेव्हाही, म्हणजे १९६५ मध्ये, त्याचे शीर्षक ‘कुडाळी’ हेच होते. त्यानंतर पंधराच वर्षांनी मुंबईच्या रंगभूमीवर ‘वस्त्रहरण’ गाजले ते मात्र ‘मालवणी नाटक’ म्हणून, आणि कुडाळी हे नाव ग्रंथालयातच राहिले.

ही बोली म्हणजे बिघडलेली मराठी, असा समज शाळेपासून कचेरीपर्यंत पसरलेला आहे. तो किती पोकळ आहे हे दाखवायला एक ‘येणे’ हे क्रियापद पुरे. प्रमाण मराठीत वर्तमानकाळी ‘तो येतो, ती येते’ असा लिंगभेद होतो, भविष्यकाळी मात्र ‘तो येईल, ती येईल’ असे एकच रूप चालते. मालवणीत नेमके याच्या उलट घडते. तेथे ‘तो येता, ती येता’ यात भेद नाही, पण ‘तो येतलो, ती येतली’ यात तो स्पष्ट आहे, कारण ‘तल’ हा प्रत्यय लागलेले रूप विशेषणासारखे कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते, जसे भूतकाळात ‘तो इलो, ती इली’ बदलते. प्रथमपुरुषी ‘मी येतंय’ हे पुरुष आणि स्त्री दोघेही म्हणतात. नकारासाठी तर वेगळीच घडण आहे : ‘तो येवचो नाय, ती येवची नाय’. लिंगाप्रमाणे रूप बदलण्याचा हा नियम कोणत्याही पाठ्यपुस्तकात शिकवला जात नाही, तरीही शाळेची पायरी चढण्यापूर्वीच तळकोकणातले मूल तो अचूक पाळते. भाषा आत्मसात होणे म्हणजे ऐकलेल्या वाक्यांची पोपटपंची नव्हे, तर त्यांमागचा नियम नकळत उचलणे, याचा याहून सोपा दाखला शोधावा लागणार नाही. ‘घोडो’सारखी ओकारान्त पुल्लिंगी नामे हाही बिघाड नव्हे. प्राकृतातील ‘अओ’ या अन्त्यापासून मराठी-हिंदीत ‘घोडा’ झाला आणि कोकणी, गुजराती, राजस्थानीत ‘घोडो’; या बाबतीत मालवणी दुसऱ्या वाटेवर उभी आहे. ‘मला’ऐवजी ‘माका’ म्हणतानाही तिची जवळीक कोकणीशीच दिसते.

मग ती कोकणी म्हणावी की मराठी, हा वाद पुढे बराच रंगला, पण बोलींच्या सीमा नकाशावर काढता येत नाहीत. देवगडहून कुडाळ, सावंतवाडी, बांदा करत तेरेखोल नदी ओलांडून गोव्यातल्या पेडण्यात उतरणाऱ्याला भाषा एकदम पालटल्याचे कोठेच जाणवत नाही. गावागणिक एखादा हेल, एखादा प्रत्यय तेवढा सरकतो. शेजारच्या बोली परस्परांना कळतात आणि दोन टोकांच्या बोली मात्र दुरावतात, अशा या साखळीला भाषाविज्ञानात बोलीसातत्य म्हणतात. येथील राजकीय सीमाही फारशी जुनी नाही, कारण पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला तो १७८८ मध्ये.

बोलणे आणि लिहिणे यांची फारकत मात्र पूर्वापार आहे. बांद्याचे संतकवी सोहिरोबानाथ आंबिये (जन्म १७१४) यांनी आपली रचना मराठीत केली, आणि पुढच्या काळात आरती प्रभू, जयवंत दळवी, मंगेश पाडगावकर, विंदा करंदीकर ही याच मातीतली मंडळी प्रमाण मराठीतच मोठी झाली. गिरणगावातला चाकरमानी गावी धाडायच्या पत्राची सुरुवात ‘तीर्थरूप’ आणि ‘साष्टांग नमस्कार’ यांनी करी. तेच पत्र घरी वाचून झाले की त्याची गजाल, म्हणजे गप्पा, मालवणीत होई. एकाच समाजात एक भाषारूप प्रतिष्ठेच्या व लेखनाच्या कामी आणि दुसरे घरगुती कामी वाटून दिले जाते, त्या स्थितीला चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये ‘डायग्लॉसिया’ हे नाव चर्चेत आणले. तळकोकणाला ही संज्ञा बऱ्याच अंशी लागू पडते, पण पूर्णपणे नाही, कारण मालवणी येथे केवळ चुलीपाशी राहिली नाही.

देवळात तिला मान आहे. गावाच्या वतीने देवापुढे जे मागणे मांडले जाते ते गाऱ्हाणे, आणि ते मालवणीत घातले जाते. गाऱ्हाणे घालणारा देवतांना क्रमाने हाक मारतो, मग कोणाची काय अडचण, कोणी काय नवस बोलला हे सांगत जातो, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून रुकार देतात. वाक्ये लांब असतात, एकाला एक जोडलेली असतात, आणि तोल सांभाळणारा आधार त्या सामूहिक रुकाराचा असतो. लेखी पाठ हाती न घेता इतके औपचारिक गद्य पेलणारी ही भाषा ‘गावंढळ’ कशी ठरते, ते ठरवणारेच जाणोत.

दशावताराची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. जत्रेच्या रात्री देवळासमोर होणाऱ्या या खेळाला बांधलेली संहिता नसते. आख्यानाचा सांगाडा ठरवून नट ऐनवेळी संवाद रचतात आणि एक लाकडी बाकडे सिंहासनापासून रथापर्यंत सारे काही होते. राजे, ऋषी आणि देव संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात, पण पूर्वरंगातला वेदचोर संकासुर, काळ्या वेषातला, मालवणीत बोलून प्रेक्षकांना हसवतो. भाषांची प्रतवारी रंगमंचावरच अशी मांडलेली असे, आणि गंमत अशी की प्रेक्षकांचा जीव मालवणी बोलणाऱ्या असुरावरच अधिक जडे.

गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० मध्ये हीच प्रतवारी उलटी केली. गावकऱ्यांनी बसवलेल्या पौराणिक नाटकाचा फज्जा, हा त्याचा विषय. त्यात तात्या सरपंच झालेल्या मच्छिंद्र कांबळी यांनी ही बोली अमराठी मुलखापर्यंत नेली, आणि नाटकाचे प्रयोग पाच हजारांवर गेले. या यशाची किंमतही मोजावी लागली, कारण मुंबईकरांच्या कानाला मालवणी तेव्हापासून विनोदाची भाषा झाली आणि तिच्यातले गंभीर बोलणेही हशाच्या अपेक्षेने ऐकले जाऊ लागले. गाऱ्हाण्याची भाषा ज्याने ऐकली आहे त्याला हा अन्याय ताबडतोब उमगतो.

दरम्यान कोकणीला १९७५ मध्ये साहित्य अकादमीने स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. मालवणीने यातली कोणतीही मागणी जोर लावून केली नाही. जनगणनेच्या कोष्टकांत ती कोकणीखाली मांडली जाते. सिंधुदुर्गातले बहुसंख्य लोक मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहितात, आणि प्रगणक दारातून हलला की मागे वळून मालवणीतच बोलू लागतात.